कानसेनाची भिंत

पडदा वर जातो तेव्हा समोर असते एक विटकी पिवळी भिंत. तीन मजले उंच, प्रत्येक खिडकीखाली ओघळांचे काळे डाग, आणि अंगाला बिलगलेली बांबूची परांची. परांचीवर गवंडी, खाली माल कालवणारी त्याची बायको. भिंतीच्या सावलीत शिलाई मशीन मांडून बसलेला शिंपी.

थापीच्या मुठीनं गिलावा ठोकत जायचं. भरीव वाजला तर सोडायचा, पोकळ वाजला तर खडूनं गोल करायचा, पाडायचा आणि नवा चढवायचा. गवंड्याची उभी हयात यातच गेली. बरोबरीचे त्याला कानसेन म्हणत, आणि ते नाव तो सासुरवाडीतसुद्धा मिरवत असे.

आज बायकोचा जीव थाऱ्यावर नव्हता. भिंत ढबढब वाजत होती, ते तिला खालून ऐकू येत होतं; आणि हा गडी खडू कानामागे ठेवून खुशाल पुढे सरकत होता. हल्ली घरीही तो तिच्या ओठांकडे बघून उत्तर द्यायचा. तिला केव्हाच कळून चुकलं होतं, पण विषय काढायचा कुणी?

"अहो, तिथं पोकळ आहे."

"काय?"

"पोकळ वाजतंय म्हटलं."

"तू माल कालव. कान माझे आहेत."

शिंपी हसला. "वहिनी, कानसेनाला सूर शिकवता होय?"

ती हसली नाही. "भाऊजी, मशीन जरा पलीकडे घ्या."

"तिकडे ऊन आहे."

"घ्या म्हणते ना. चहा पाजते."

कुरकुरत त्यानं मशीन ओढलं. स्टूल घ्यायला वळला, तोच वरून परातीएवढा तुकडा निसटला आणि स्टुलाचा चुराडा झाला. धुरळा हळूहळू बसला. शिंप्याच्या गळ्यातली टेप तेवढी हलत होती.

गवंडी पुढच्या खिडकीपाशी ठोकतच होता. बायकोनं परांचीचा बांबू धरून गदागदा हलवला, तेव्हा कुठे त्यानं खाली पाहिलं. आधी स्टुलाकडे, मग शिंप्याकडे, आणि बराच वेळ तिच्याकडे. आता हा सिमेंटला बोल लावणार, जुन्या गवंड्याचा उद्धार करणार, असं तिला वाटलं.

त्यानं कानामागचा खडू काढला आणि वाकून खाली तिच्या दिशेनं धरला.

"तू वर ये," तो म्हणाला. "मी ठोकतो, तू ऐक."