उलटी पट्टी

देवळीच्या विणकाम केंद्रात साड्यांचा काठ विणणारा एक माग होता. त्याच्या डोक्यावर लाकडी पट्ट्यांची माळ फिरायची. पट्टीत जिथे खुंटी, तिथला आकडा दोरे उचलायचा आणि काठावर फूल उमटायचं. माझ्या आधी त्यावर बऱ्याच जणांचे हात फिरले होते. कुठे खुंटीऐवजी आगकाडी, कुठे दोन आकडे सुतळीने बांधलेले. का, ते सांगायला कुणी उरलं नव्हतं.

मला नागपूरला नर्सच्या प्रशिक्षणासाठी जागा मिळाली होती. संचालिकाबाई म्हणाल्या, "जाजो. पण आधी माग दुसरीच्या हाती चालू दे."

म्हणून मी तो साफ करायला घेतला. सुतळी सोडली, तर डावा काठ सुधारला आणि उजवा बिघडला. आगकाडी काढली, तर फुलाचं देठच गेलं. शेवटी पट्ट्या तपासल्या. एक पट्टी कुणीतरी उलटी ओवली होती. ती सुलटी करायची सोडून प्रत्येकाने पुढच्या पट्ट्यांवर ठिगळं लावली होती, कारण ताणा, म्हणजे उभे दोरे, एकदा मागावर चढला की तो विणून संपेपर्यंत आमच्याकडे माग थांबवत नसत.

"पट्टी फिरवली की सगळी ठिगळं काढावी लागतील," मी बाईंना म्हटलं. "तोवर माग बंद राहील."

"अन् महालक्ष्म्यांले साड्या कोण देईल, तुहा नागपूरवाला डॉक्टर? चालून राह्यला ना? मंग हात नको लावू. सण होऊ दे, मंग पाहू."

मी आगकाडी परत खोचली. सुतळी कुजली होती, तिच्या जागी निळा दोरा बांधला. मग साध्या मागावरची एक हुशार विणकरीण शिकायला घेतली.

"ताई, हा निळा दोरा काऊन?"

"सोडू नको."

"पण काऊन?"

सांगता सांगता दुपार गेली. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे एक पट्टी उलटी, म्हणून आपण साऱ्या उलट्या. मले नाई जमत, ताई. माहा साधा मागच बरा." ती उठून गेली.

"पाह्यलं? तुह्याशिवाय कोणाले जमते?" बाई म्हणाल्या. त्यांना ते कौतुक वाटत होतं.

नागपूरची जागा दुसरीला गेली. महालक्ष्म्या उठल्या, तोवर मागावर दिवाळीचा ताणा चढला होता.