पावडरवाले सर

साल २०२१. मी बाहत्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत, अक्कल त्याच्या पुढची. अशा माणसाच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर म्हणा, उभं राहून कॉलेजातले केमिस्ट्रीचे सर विचारायचे, "काकाजी, मोजलं का?"

कापूस बरा आहे म्हटलं, की "मोजलं का?" आज भल्लं ऊन आहे म्हटलं, की "मोजलं का?" एकदा घरची म्हणाली, चहात साखर कमी झाली वाटते. मी म्हटलं, "थांब, सर मोजतात." सर रिटायर होऊन लेकीकडे गेले, तेव्हापासून आमच्याकडे सगळं अंदाजेच चालू आहे.

सर पॉलिमरवाले. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, ज्याला जग ओळखते अन गल्ली ओळखत नाही. मक्याच्या स्टार्चपासून त्यांनी एक पांढरी पावडर केली होती. पाणी प्यायली की ती साबुदाण्यासारखी फुगायची. मुळाशी टाकली तर पाऊस नसतानाही तेच पाणी झाडाला हळूहळू देते, असं त्यांचं म्हणणं. तीस वर्षं त्यावरच पेपर लिहिले. मोबाईल पुढं करायचे, "हे पाहा काकाजी, जपानच्या माणसानं माझ्या पेपरचा आधार घेतला."

"तुम्ही भेटले का त्याले?"

"नाही."

"मंग पावडर नेली त्यानं?"

"नाही हो. नाव लिहिलं माझं."

आमच्या गावात पाठीमागं कोणी नाव घेतलं तर काठ्या निघतात. सर पेढे वाटायचे.

एवढं सगळं कुंडीतल्या झाडांवर. खऱ्या वावरात पावडर कधी पडलीच नव्हती. रिटायर व्हायच्या आधी तेवढा एक पेपर त्यांना पाहिजे होता. माझं वावर मारेगावच्या रस्त्याला लागून. दिलं. देताना चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर बोललोही, "सर काळ्या मातीले पावडर लावून राह्यले. नवरीले लावा म्हणा!"

कपाशीच्या सहा ओळी पावडरच्या, सहा साध्या. सरांची अट एकच, "वरून पाणी कोणालाच द्यायचं नाही. साध्या ओळी सुकल्या, तर सुकू द्या."

"सुकू द्या," मी म्हटलं. बोलायला काय जाते!

ऑगस्टात पाऊस गायब झाला. पावडरच्या ओळी हिरव्यागार, साध्यांनी माना टाकल्या. आता रस्त्यानं जाणारा काय म्हणन? म्हाताऱ्याचं वावर वाळलं! शिवाय टपरीवर मी बोलून बसलेलो. सर फक्त रविवारी यायचे. बाकीचे सहा दिवस सकाळी विहिरीवरून बादल्या भरल्या अन साध्या ओळींना पाणी पाजलं.

वेचणीच्या वेळी सरांनी बोंडं मोजली. दोन्हीकडं सारखी. पुन्हा मोजली. टोपी धुऱ्यावर विसरून तिसऱ्यांदा मोजली.

सोबत त्यांची जुनी विद्यार्थिनी होती, आता स्वतः कॉलेजात शिकवणारी. ती म्हणाली, "सर, हे शेत सोडून देऊ. कुंडीचेच आकडे छापू."

"शेतात निघालं ते लिहायचं. पावडर काम करत नाही, असं लिहायचं."

"तुमच्याच सगळ्या पेपरांच्या विरोधात?"

"मग काय शेजाऱ्याच्या?"

मी बाजूला तंबाखू मळत होतो. जिंकलेला माणूस मळतो तसा.

पेपर तयार झाला, तेव्हा सर संध्याकाळी मुद्दाम टपरीवर आले. "काकाजी, तुमचंच खरं निघालं." मग शेवटची ओळ मराठीत करून सांगितली. शेत दिल्याबद्दल अन प्रयोग इमानानं राखल्याबद्दल आभार, पुढं माझं पूर्ण नाव.

टपरीवाला ओरडला, "वा काकाजी! जपानले पोचले तुम्ही!" चहा फुकट आला. सगळे माझी पाठ थोपटत होते. सरही हसत होते, पण स्कूटरची किल्ली त्यांच्या हातून दोनदा पडली.

"उद्या पाठवून देतो," ते म्हणाले. मी चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच गाडीनं कॉलेजात गेलो. सर होते, ती विद्यार्थिनी होती, आणखी चारजण होते. कोणी खुर्ची दिली, मी बसलो नाही.

"सर, साध्या ओळींले मी पाणी पाजलं. रविवार सोडून रोज. तुमची पावडर लबाड नाही, मी आहो. लिहा."

सरांनी पेन उघडलं, पुन्हा बंद केलं.

"काहून थांबले? लिहा!"

त्यांनी लिहिलं. खाली सही मी केली, पूर्ण नावानं.