वॉचडॉगमधली एक ओळ

कामिनी नेहेते फैजपूरची, केळीबागाईतदाराच्या घरातली. जळगावच्या एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत ती बरीच वर्षं होती. केळी पिकवायच्या वखारींसाठी ही कंपनी कंट्रोलर बनवायची. खोलीतली थंडी आणि पंखे सांभाळणारी ती एक पेटी, आणि पेटीत छोटासा कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरचा कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा अगदी पोटातला भाग, कामिनीच्या ताब्यात. कंपनीत कर्नेल म्हटलं की कामिनी, असं समीकरणच होतं.

मग सोनगीरचा प्रेमराज आला. धुळ्याला शिकलेला, बोलायला मऊ, कामिनीला ताई म्हणणारा. बोर्डाला केबल कशी जोडायची इथपासून तिनंच त्याला शिकवलं. मालक जितेंद्रभाऊंनी त्याच्याकडे वॉचडॉग सोपवला, तेव्हाही तिला काही वाटलं नाही.

वॉचडॉग म्हणजे चिपमधलं एक उलटं मोजणारं घड्याळ. चालू प्रोग्रॅमनं त्याला सारखं थोपटत राहायचं, म्हणजे ते पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं. प्रोग्रॅम अडकला, थोपटणं थांबलं, की घड्याळ शून्यावर येतं आणि मशीन स्वतःहून रिस्टार्ट होतं. वखारीत रात्रंदिवस माणूस बसत नाही, त्यामुळे या घड्याळाचाच भरवसा. त्यांच्या चिपमधल्या वॉचडॉगसाठी कर्नेलमध्ये ड्रायव्हर, म्हणजे त्या घड्याळाशी बोलणारा प्रोग्रॅम, नव्हता. प्रेमराजनं तो लिहिला. नुसता लिहिला नाही, जगभरातले लोक मिळून जो कर्नेल सांभाळतात त्यांच्याकडे पाठवला, त्यांनी काढलेल्या चुका शांतपणे दुरुस्त करून पुन्हा पाठवला, आणि तो स्वीकारला गेला.

कामिनीनंही मागे एकदा असंच काम पाठवलं होतं. तिकडून तिखट शब्दांत शेरे आले. तिला ते लागले, आणि तिनं तो विषय सोडून दिला. ऑफिसात हे कुणाला ठाऊक नव्हतं.

जितेंद्रभाऊंनी सगळ्यांसाठी भरीत-पुरी मागवली. पेपरात प्रेमराजचा फोटो आला. फैजपूरहून वडिलांचा फोन आला. "हा पोरगा तुमच्याच ऑफिसातला ना गं? तुझ्या हाताखालचा?"

"हो," कामिनी म्हणाली. "हाताखालचा."

त्या दिवसापासून प्रेमराजचं सगळंच तिच्या डोळ्यांत खुपायला लागलं. त्याचं हसणं, त्याचा डबा, मोबाइलवर घरच्यांशी अहिराणीत गप्पा मारणं. एका दुपारी तिनं त्याचा ड्रायव्हर उघडला आणि चूक शोधायला बसली. प्रत्येक ओळ तिनं गव्हातले खडे निवडावेत तशी निवडली.

आणि खडा सापडला.

त्यांच्या बोर्डात कर्नेल सुरू व्हायच्या आधीच, बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम वॉचडॉग चालू करून ठेवायचा. ड्रायव्हरनं कर्नेलला सांगायला हवं होतं, की बाबा, घड्याळ आधीच चालू आहे, वरचा प्रोग्रॅम उठेपर्यंत तू थोपटत राहा. ती ओळ सुटली होती. टेबलावर तपासताना मशीन चटकन उठायचं, त्यामुळे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पण वीज अचानक गेली, की परत आल्यावर मशीन आधी मेमरी कार्ड तपासत बसतं. त्याला वेळ लागतो. तेवढ्यात घड्याळ शून्यावर येणार, मशीन पुन्हा पहिल्यापासून उठणार, पुन्हा तपासत बसणार.

तिनं फाइल बंद केली. जितेंद्रभाऊंनी विचारलं, "पाहिलंस ना? धुळ्याच्या वखारीत बसवू?"

"पाहिलं," ती म्हणाली. खोटं काहीच बोलली नव्हती.

धुळ्याला अभिमननानांच्या वखारीत कंट्रोलर बसला. काही दिवस सुरळीत गेले आणि मग एका सकाळी फोन आला: लाइट गेली होती, आली, पण पेटी नुसती चालू-बंद होतेय. कंपनीच्या गाडीनं प्रेमराज आणि कामिनी निघाले. वाटेत प्रेमराज लॅपटॉप मांडीवर घेऊन कोड चाळत होता. ती खिडकीतून कपाशीची शेतं बघत होती, आणि आतून तिला छान वाटत होतं.

वखारीची दारं सताड उघडी होती, माणसं क्रेट बाहेर ओढत होती. पंखे थंड पडलेले. पिकायला लागलेली केळी स्वतःच तापतात, त्यामुळे खोलीत आंबूस ऊब दाटलेली. प्रेमराजनं लॅपटॉप जोडला. पडद्यावर कार्डाची तपासणी सुरू होई, मध्येच सगळं काळं पडे, पुन्हा पहिल्यापासून. हे चित्र कामिनीनं मनात कितीदा तरी रंगवलं होतं.

"पॉवर सप्लाय असेल," प्रेमराज म्हणाला.

नाना त्याच्या खांद्यावर हात ठेवून, सगळा दोष तिथल्या लाइटला देत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या भाऊ, तुमना काय दोष? आठली लाइटच तशी शे."

कामिनीला आतून चटका बसला. चूक याची, आणि समजूतही यालाच. एवढ्यात एकानं क्रेट तिच्या पायाशी टेकवला. वरची फणी तिनं दाबून पाहिली. साल अजून हिरवट, आतला गर उकडल्यासारखा मऊ. असल्या एकेका घडासाठी वडील किती राबतात, ते तिनं लहानपणापासून पाहिलं होतं.

"पॉवर नाही," ती म्हणाली. "वॉचडॉग आधीच चालू असतो, आणि तुझा ड्रायव्हर ते कर्नेलला सांगतच नाही. बूटलोडरमध्येच बंद कर आत्ता."

त्याला एका वाक्यात कळलं. त्यानं घड्याळ बंद केलं, मशीन उठलं, पंखे फिरायला लागले. ती एक खोली मात्र वाया गेली.

परतताना पारोळ्याला चहाला थांबले. प्रेमराज कपाकडे बघत म्हणाला, "ताई, तुम्ही आधीज देखेल व्हतं ना?" ऑफिसात तो तिच्याशी कधी अहिराणी बोलला नव्हता.

"हो."

दुसऱ्या दिवशी त्यानं जितेंद्रभाऊंना सांगितलं, की चूक माझी, ताईंनी जागच्या जागी पकडली. कर्नेलवाल्यांकडे दुरुस्ती पाठवली, त्या दुरुस्तीखाली चूक दाखवून देणारी म्हणून कामिनीचं नाव टाकलं.

भाऊंनी कामिनीची तारीफ केली. ती जागेवर येऊन बसली, पण तिला चैन पडेना. त्याचं काम मोठं होतं, ते तिनं कसंबसं सोसलं असतं. आता मनही त्याचंच मोठं ठरलं होतं. कर्नेलमध्ये तिचं नाव पहिल्यांदा आलं, तेही त्याच्या नावाखाली, त्यानं दिलेलं. उपकारासारखं.

ते तिला सोसवेना. जेवणाच्या सुटीत ती भाऊंच्या केबिनमध्ये गेली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "मला ते आधीच दिसलं होतं. मी मुद्दाम बोलले नाही."

"का?" भाऊंनी विचारलं.

"त्याचं नाव झालं म्हणून."

भाऊंनी तिला धुळ्याला नानांसमोर पाठवलं. माफी तिनंच मागायची, असं त्यांनी बजावलं. नानांनी ऐकून घेतलं, चहा दिला, पण त्यानंतर ऑफिसात फोन केला की ते प्रेमराजलाच द्यायला सांगतात. ऑफिसात कर्नेलची जबाबदारी दोघांत वाटली गेली.

प्रेमराज अजूनही काही लिहिलं की आधी कामिनीकडे पाठवतो. "तुमच्याइतकं बारीक कुणी वाचत नाही, ताई," असं म्हणतो, आणि त्यात टोमणा आहे की नाही हे तिला कळत नाही. ती वाचते, चूक दिसली की लगेच लिहून कळवते. एखाद्या वेळी एकही चूक निघत नाही. त्या संध्याकाळी ती कुणाशी न बोलता घरी जाते.