दहा मिनिटं वजा

आमचा भाऊ आठवड्यातून तीनदा मला त्याच्या व्हॅनमधून डायलिसिसला नेतो. सख्खा नाही, पण चार वर्षं एकाच गाडीत बसल्यावर आणखी काय म्हणायचं? मी निवृत्त मास्तरीण, तोंडाने फटकळ. तो एक नंबरचा वेंधळा, पण गाडी अशी चालवतो की पोटातलं पाणी हलत नाही. त्याची बायको, माझी वहिनी, रोज सोबत यायची. मला हात धरून उतरवायची, त्याला दम द्यायची. मागच्या हिवाळ्यात तीन दिवसांच्या तापात ती गेली.

सोमवारी सकाळी व्हॅनची बॅटरी बसली. किल्ली फिरवली की नुसतं कट् कट्. कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन आला, नवी बॅटरी बसवली, आणि डॅशबोर्डवरचं घड्याळ बारावर गेलं होतं ते मोबाइल बघून नीट लावून दिलं. भाऊ त्याच्यावर असा खेकसला, की तो बिचारा पाना तिथेच विसरून गेला.

"अरे, चांगलंच केलं ना त्याने?" मी म्हटलं.

"हो, चांगलंच केलं," भाऊ म्हणाला आणि चक्क रडायला लागला. मला काही म्हणजे काही कळेना.

वाटेत त्याने सांगितलं. याला उशीर होऊ नये म्हणून वहिनी ते घड्याळ मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवायची. ती गेल्यावरही त्याने त्याला हात लावला नव्हता, हे मात्र मला नवं होतं. तो आपला मनातल्या मनात दहा वजा करायचा.

त्या दिवशी उशीर झाला, तो बॅटरीमुळे. पण बुधवारीही झाला, शुक्रवारीही. उशीर झाला की माझी मशीनवरची तेवढी मिनिटं कापली जातात. शुक्रवारी सिस्टरने भाऊला बाजूला घेतलं. आणखी एकदा असं झालं, तर सेंटर दुसरी व्हॅन बघणार. नवरा-बायकोने मिळून उभं केलेलं काम ते! गाडीत येऊन बसला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाई, मी वेळेवर निघालो हो! घड्याळ बघून निघालो!"

"किती होते घड्याळात?"

"सात चाळीस. म्हणजे साडेसातच की!"

मी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, ते घड्याळ आता बरोबर आहे! वजा कशाला करतोस?"

त्याने घड्याळाकडे हात नेला. मग म्हणाला, "सवय हो. थांबा, पुन्हा दहा पुढे करतो. तिचं होतं तसं."

आता मला गप्प बसवेना. "दहा नव्हतं ते. तुझी वजाबाकी तिने पहिल्याच महिन्यात ओळखली होती. कधी पंधरा ठेवायची, कधी अठरा. तुला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली होती."

भाऊ बोटांवर मोजायला लागला, चुकला, पुन्हा मोजलं. "म्हणजे मी रोज लवकर पोचत होतो? आणि सेंटरचं घड्याळ मागे पडतं म्हणून सिस्टरशी भांडत होतो?"

"चार वर्षं."

"मग शेवटी किती होतं?"

"ते मलाही नाही सांगितलं रे."

त्याने स्टिअरिंग सोडलं. मग खाली उतरला, दार लावलं आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला.

"बाई, तुम्ही लावा," तो काचेबाहेरून म्हणाला. "किती ते सांगू नका. आणि मधून मधून बदलत जा, नाहीतर मी पुन्हा शिकेन."

मशीनवर जगणारी बाई मी. किती दिवस बदलणार?

"बदलेन रे," म्हटलं आणि पुढे वाकून बटण शोधायला लागले.