राजकुमारची बुधवारची पाळी

मारेगावच्या तहसीलसमोर टिनाच्या शेडीत माझा अर्ज लिहायचा टेबल आहे. बाजूचा टेबल राजकुमारचा, तोही अर्ज-करारनामे टाईप करते. पंधरा वर्षं ह्या माणसाले सोसून राह्यलो, म्हणून सांगतो, असा भैताड अख्ख्या जिल्ह्यात सापडायचा नाही. सनद नाही, परीक्षा नाही, पण अंगात काळा कोट! मे महिन्यातही! कोणी 'वकीलसाहेब' म्हटलं की गडी असा फुगे, की चहाचे पैसे द्यायचेच विसरे.

त्याच्या वावरात बापाच्या हातची विहीर. वाटणीत विहिरीचं वावर राजकुमारकडे आलं, बाजूचं मोठ्या भावाकडे, पण पाणी दोन्ही भावांचं. सोमवार-मंगळवार मोठ्याची पाळी, बुधवारपासून याची. हे कुठंच लिहून नाही. आमच्याकडे भावाभावात पाण्याची पाळी कागदावर मांडली, की लोक म्हणतात, घर फुटलं. मोठा भाऊ वारला, तरी त्याच्या बायकोची, रुक्माबाईची, पाळी चालू होती. ह्याच वहिनीनं डबा बांधून देऊन त्याले टायपिंगच्या क्लासले धाडलं होतं.

मग सोलर कंपनी आली. एकोणतीस वर्षांचा भाडेपट्टा. ह्या शहाण्यानं दोन एकर मागं ठेवून विहिरीचं वावर दिलं, अन् करारनामा सोताच टाईप केला. 'विहिरीसह पूर्ण ताबा कंपनीचा, अन्य कोणाचाही कोणताही हक्क नाही.' ही ओळ मले मोठ्यानं वाचून दाखवली.

मी म्हटलं, "अन् रुक्माबाईची पाळी?"

"कंपनीच्या साहेबले तोंडी सांगितलं ना. पाळीचं कोणी लिहिते काय, अय्यूबभाई?"

तोंडी बोलीवर दोघांचं पाणी चालू राह्यलं. पण यंदा कंपनीचं अन् पॅनल बसवणाऱ्या ठेकेदाराचं वाजलं. भांडण हैदराबादले लवादापुढं, अन् कुलूप इकडं विहिरीच्या वावराले! कोर्टाचा हुकूम आला: निकालापर्यंत सगळं जैसे थे, आत कोणी जायचं नाही. तेव्हा रुक्माबाईचा हरभरा फुलावर होता. एक पाणी पाहिजे होतं, एकच. ती माझ्याकडे आली. मी अर्ज लिहिला, की ही बाई करारात नाही, भांडणात नाही, तिची पाळी मोकळी करा. कोर्टानं पाहणीले एक साहेब धाडला.

फाटकापाशी साहेबानं राजकुमारले विचारलं, "या बाईंची पाळी होती का?"

खरं बोलला असता, तर बाईचा हरभरा वाचत होता. पण मग करारातली ओळ खोटी ठरली असती, अन् भाडं बुडालं असतं. वहिनी समोर उभी. अन् हा कोट सावरून म्हणतो कसा, "पाळी-बिळी काही नाही साहेब. माणुसकीनं पाणी देत होतो."

थू तुझ्या माणुसकीवर! लाज मलेच वाटली. अर्ज फेटाळला गेला. पंधरा दिवसांनी तिनं वाळलेला हरभरा उपटून शेळ्यांपुढं टाकला.

आता गंमत पाहा. ह्यानं मागं ठेवलेल्या दोन एकरातही हरभराच होता, उशिरा पेरलेला, अन् ओलीत त्याच विहिरीवर! भैताडाले वाटे, मालकाले कोण अडवते? रखवालदारानं अडवलं. त्याच्याच कराराची ओळ त्याच्याच तोंडापुढं धरली.

दुसऱ्या दिवशी बिनकोटाचा माझ्या टेबलापुढं येऊन बसला. "अय्यूबभाई, एक अर्ज लिहा. माझी बुधवारची पाळी मोकळी करा म्हणून. माझा मीच लिहिला तर बरं नाही दिसत."

मी कागद ओढला अन् पहिलीच ओळ लिहिली: 'सोमवार-मंगळवार रुक्माबाईची पाळी, बुधवारपासून माझी.' कागद त्याच्यापुढं सरकवला. "कर सही. तिची पाळीच नव्हती, तर तुझा बुधवार कुठून आला बे?"

लय वेळ वाचत राह्यला. मग हळूच विचारते, "वहिनीचं नाव टाकल्याबिगर नाही होत काय?"

"नाही होत," म्हटलं.

उठून गेला. दोन एकर हरभरा डोळ्यांदेखत वाळू दिला, पण तेवढी सही नाही केली लेकाच्यानं.