थर्माकोलचा बर्फ

यंदा गणपतीला मुंबईचे दीर पेंग्विन घेऊन गावी आले. पोलादपूरच्या डोंगरातल्या आमच्या वाडीत दरवर्षी आरास तेच करतात, आणि दरवर्षी जगाला काहीतरी शिकवतात. यंदा 'पेंग्विन वाचवा'. मखराशेजारी थर्माकोलचा बर्फ, त्यावर कापूस, मध्ये ओळीने आठ पेंग्विन. एकाला तर मफलरसुद्धा!

मी महाडच्या शाळेत भूगोल शिकवते. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. म्हटलं, "भावोजी, मुंबईत तुम्ही पाहिलेत ते पेंग्विन बर्फातले नव्हेत. पेरूच्या रखरखीत किनाऱ्यावरचे आहेत. तिथे निवडुंग उगवतं."

"वहिनी, बर्फाशिवाय पेंग्विन कुणाला पटनार हाय?"

सगळे हसले. मग मला चेवच आला. आरतीला जमलेल्या वाडीला मी ऐकवलं: समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचा थर साचून साचून पुरुषभर झालेला असतो, त्यात बीळ कोरून हे पेंग्विन अंडी घालतात. माणसांनी तो थर खत म्हणून खरवडून नेला. आता खाली कातळ. अंडी उघड्यावर, उन्हात भाजतात, अवचित पाऊस आला की वाहून जातात. "आणि तुम्ही त्यांना मफलर घाला," असंही वर म्हणाले. दीर मान खाली घालून दिव्यांच्या वायरी सोडवत बसले. खरं सांगते, मला मजा आली.

सासूबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्या वर्षभर इथे एकट्याच राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी परसात गेले, तर सासूबाई घरामागच्या कापलेल्या डोंगरापाशी उभ्या. उन्हाळ्यात जेसीबी लावून तिथला मुरूम काढला होता. पावसात लाल माती घसरत घसरत न्हाणीच्या भिंतीपर्यंत आली होती. महाडजवळच्या तळीये गावावर डोंगर कोसळून माणसं गाडली गेली तेव्हापासून, पाऊस लागला की सासूबाई या डोंगराकडे बघत बसतात.

"भावोजींना अक्कल कशी ती नाही," मी म्हटलं. "जेसीबी त्यांनीच आणला ना?"

"त्याला कशाला बोलतेस गो?" त्या म्हणाल्या. "गाडी दारात येत नाय म्हणून तू रुसली होतीस. म्हणून खणलान त्याने."

माझी गाडी त्या खणलेल्या जागेवरच उभी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माझ्याबरोबर महाडला चला," मी म्हटलं.

"आन् घर?"

विसर्जन झाल्यावर मी त्याच गाडीने महाडला परतले. सासूबाई तिथेच आहेत, आणि पाऊस अजून महिनाभर आहे.