स्वतःवर खूश

"मॅडम, कट-ऑफ म्हणजे कट-ऑफ," वारज्याच्या कारखान्यातले एचआर मॅनेजर कुलकर्णी फोनवर म्हणाले. "दोन गुण कमी पडले. अलकाबाईंचं नाव सुपरवायझरच्या यादीतून गेलं."

प्रश्नावली माणसं तपासते, मी प्रश्नावली तपासते. नारायण पेठेत माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. सुपरवायझर निवडण्यासाठीची ही प्रश्नावली आत्मसन्मान मोजणारी होती. दहा विधानं, प्रत्येकाला 'अजिबात नाही'पासून 'अगदी खरं'पर्यंत एक ते चार गुण. इंग्रजीतून मराठीत ती मीच आणली होती.

पण सातव्या विधानाचे आकडे उलटे येत होते. बाकी नऊ ठिकाणी ज्यांना भरपूर गुण, तेच इथे 'अजिबात नाही' म्हणत होते. आमच्याकडे याला 'आयटम बिघडला' म्हणतात. असं काही दिसलं की मला चैन पडत नाही.

"यादी दोन दिवस थांबवा. मला अलकाबाईंना भेटायचंय," मी म्हटलं.

"का? आकडे बोलत नाहीत का?"

"बोलतात. काय बोलतात ते कळत नाहीये."

अलकाबाई धायरीच्या. बारा वर्षं असेंब्ली लाइनवर. मी म्हटलं, मोठ्यानं वाचा आणि मनात येईल ते बोला. सहा विधानं झरझर झाली. सातवं वाचलं, 'मी स्वतःवर खूश आहे', आणि त्या हसायलाच लागल्या.

"अहो मॅडम, हे आमच्या जाऊबाईंना विचारा. त्या हायत स्वतःवर खूश!"

"आणि तुम्ही?"

"मी कशाला? माझ्या हातचा एक पीस कधी परत आला नाही, एवढं मला ठावं हाय."

मी ओशाळले. इंग्रजीत ते वाक्य समाधानाचं होतं. मराठीत 'स्वारी स्वतःवरच खूश' हा टोमणा आहे, आणि तो मी स्वतः आठवड्यातून दोनदा मारते.

कुलकर्णींना चूक कळवली. "भाषांतर कुणाचं?" त्यांनी विचारलं. "माझंच." मग सातवं विधान वगळून सगळ्यांचे गुण आणि कट-ऑफ, दोन्ही पुन्हा काढले. अलकाबाई यादीत आल्या.

नव्या प्रतीत मी लिहिलं, 'मी आहे तशी मला पटते.' छापण्याआधी शेजारच्या काकूंना वाचून दाखवलं. आता प्रत्येक प्रश्नावली आधी त्यांच्याकडे जाते.

सुपरवायझरच्या ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी अलकाबाई भेटल्या. "मग मॅडम, आता खूश का स्वतःवर?"

"अजिबात नाही," मी म्हटलं.